'फाइल कुठे गेली?' : एकाच घरातल्या तीन पिढ्यांना संगणक शिकवताना

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो, घर सातारा जिल्ह्यात. आजोबा ७६ वर्षांचे, पोस्टातून निवृत्त. आई ५१ वर्षांची, अंगणवाडी सेविका. धाकटी बहीण १८ वर्षांची, यंदा बीबीएला गेली. तिघांकडे स्मार्टफोन आहेत, आता घरी लॅपटॉपही आणलाय. बहीण लहानपणापासून मोबाइलवर आहे, तिला सगळं येतच असणार असं मी धरून चाललो होतो. पण पहिल्याच असाइनमेंटला तिला सेव्ह केलेली फाइल सापडेना आणि ती रडकुंडीला आली. आई म्हणते, मला कॉम्प्युटर येत नाही. आजोबा तर हातच लावत नाहीत. कुणाला काय आणि कुठून शिकवू?

उत्तर : २००३ सालापासून मी एका तालुक्याच्या गावी संगणक केंद्र चालवते. एमएस-सीआयटी हा राज्यातला संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला २००१ मध्ये, म्हणजे जवळजवळ पहिल्यापासूनचे शिकणारे माझ्या हाताखालून गेले आहेत. वेतनवाढ अडकली म्हणून आलेले गुरुजी, दहावीच्या सुट्टीत आलेली पोरं, मुलाने नाव घातलं म्हणून आलेल्या आया. तुमच्या घरातले तिघेही मला ओळखीचे वाटले.

सुरुवात बहिणीपासून करा आणि आजच करा, कारण तिची फाइल बहुधा हरवलेली नाही. वर्ड उघडून अलीकडच्या फाइलींची यादी बघा. तिथे नाव दिसलं तर त्यावर माऊस नेऊन ती कुठे ठेवली आहे तेही वाचा. नव्या लॅपटॉपवर 'डॉक्युमेंट्स' हा फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हशी, म्हणजे इंटरनेटवर फाइली ठेवायच्या मायक्रोसॉफ्टच्या जागेशी, जोडलेला असतो, त्यामुळे मुलं एका ठिकाणी शोधतात आणि फाइल दुसरीकडे बसलेली असते. वनड्राइव्ह, मग डाउनलोड्स, मग डेस्कटॉप, या क्रमाने बघा. दहातल्या आठ-नऊ वेळा माझ्याकडे तरी अशाच सापडतात.

ती रडकुंडीला आली याचं मला नवल वाटलं नाही. मोबाइलवर वाढलेल्या मुलाला फाइल कधी भेटलेलीच नसते. फोटो गॅलरीत दिसतो, गाणं गाण्याच्या ॲपमध्ये, सरांची नोट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. प्रत्येक ॲप आपापलं सामान आपल्या पोटात ठेवतं आणि मुलाने ॲप उघडलं की सामान समोर येतं. ते नेमकं कुठे आहे, हा प्रश्न त्याला वर्षानुवर्षं पडतच नाही. मग लॅपटॉपवर 'सेव्ह ॲज'ची खिडकी उघडते, ती 'कुठे?' असं विचारते, आणि हा ती न वाचता एंटर मारून मोकळा होतो.

माझ्याकडे एक मुलगी आली होती, बारावीला चांगले गुण मिळवलेली. तिने प्रोजेक्टची चार पानं स्वच्छ टाइप केली, मग मोबाइल काढला, स्क्रीनचे चार फोटो काढले आणि सरांना व्हॉट्सॲपवर पाठवले. फोटोंत स्क्रीनच्या आडव्या रेघा आलेल्या, अक्षरं फिकट. सरांनी 'वर्डची फाइल पाठव' म्हणून परत पाठवलं, तर तिला कळेना की आपण पाठवलं ते काय होतं. मी शेजारी बसून बघत होते. मोठं अक्षर हवं असलं की ती कॅप्स लॉक दाबायची, एक अक्षर टाइप करायची, पुन्हा कॅप्स लॉक काढायची. शिफ्ट धरून अक्षर दाबायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण 'या पिढीला येतंच' असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. तुम्हीही तेच ठरवलं होतं. याबद्दल तुम्हाला बोल लावत नाही, पण बहिणीला हे एकदा मोकळेपणाने सांगा. आपल्याला यायला हवं होतं आणि येत नाही, या लाजेने ही मुलं विचारतच नाहीत. साठीच्या बाई तरी 'मला येत नाही' म्हणून पहिल्या दिवशी सांगून टाकतात.

मोबाइलवर या मुलांचा हात खरंच चालतो. प्रथम संस्थेच्या 'असर २०२३' या पाहणीत देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना स्मार्टफोन आणायला सांगून त्यावर कामं करायला लावली होती. यूट्यूबवरचा व्हिडिओ शोधणं बहुतेकांना जमलं. पण नकाशा उघडून बसस्थानकापर्यंत जायला किती वेळ लागेल हे काढणं जमलं ते साधारण तिघांत एकाला. आणि स्वतःच्या मालकीचा फोन असणाऱ्या मुलींचं प्रमाण मुलांच्या निम्म्याहूनही कमी निघालं. म्हणजे नुसता फोन मिळून भागत नाही, आणि तुमच्या बहिणीच्या वयाच्या पुष्कळ मुलींना तर तोही भावाच्या नाहीतर वडिलांच्या हातातून मागून घ्यावा लागतो.

तिला मी तीनच गोष्टी शिकवीन: प्रत्येक फाइलला नाव असतं, जागा असते आणि जात असते. स्वतःच्या नावाचा फोल्डर करू दे, त्यात विषयवार फोल्डर, घरात डब्यात डबे असतात तसे. एक फाइल त्यात ठेवू दे. मग सगळं बंद, लॅपटॉपही बंद. चहा पिऊन या, परत चालू करा आणि तिला म्हणा, आता काढून दाखव. शोधायची चौकट पहिले काही दिवस वापरू देऊ नका. नंतर तीच फाइल पेनड्राइव्हवर घ्यायला लावा, मूळ फाइल पुसायला लावा आणि पेनड्राइव्हवरची उघडायला लावा. आपण एका फाइलच्या दोन प्रती केल्या होत्या हे ज्या क्षणी मुलांना उमगतं, तो क्षण चेहऱ्यावर दिसतो. माझ्या वर्गात याला तीन दिवस लागतात आणि ते तीन दिवस मी कशासाठीही कमी करत नाही.

फाइलची जात म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं. विंडोज ती मुळात लपवून ठेवतं. फोल्डरच्या 'व्ह्यू' मेनूमध्ये जाऊन ती दिसतील असं आधी करून घ्या. हे तुमच्या घरातल्या तिघांसाठीही आहे आणि यावर मी थोडी थांबणार आहे, कारण इथे खरे पैसे जातात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. ओळखीच्या माणसाच्याच नंबरावरून, कारण त्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला होता. फाइलच्या नावात लग्न होतं आणि शेवटी एपीके. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ, शेवटी जेपीजी किंवा पीडीएफ असायला हवं. एपीके म्हणजे फोनमध्ये बसणारं ॲप. फोनने 'अनोळखी ठिकाणचं ॲप बसवू का?' म्हणून विचारलंही होतं, त्यांनी पत्रिका बघायच्या घाईत 'हो' केलं. त्या ॲपने त्यांचे मेसेज वाचायला सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत खात्यातले साठ-सत्तर हजार गेले. वाहनाच्या दंडाची पावती, शेतकरी योजनेची यादी, वीजबिल, अशा कोणत्याही नावाने हीच फाइल येते. शेवटची अक्षरं वाचायची सवय असती तर त्यांचे पैसे वाचले असते. एरवी ते गृहस्थ मोबाइलवर माझ्यापेक्षा चपळ.

बहिणीबद्दल शेवटचं, केबी, म्हणजे फाइलचा आकार मोजायचं माप. प्रवेशाच्या, शिष्यवृत्तीच्या, परीक्षेच्या प्रत्येक अर्जाला फोटो अमुक केबीच्या आत लागतो आणि मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. एका एमबीत १०२४ केबी, म्हणजे फोटो मागितल्यापेक्षा कितीतरी पट मोठा. अर्ज 'एरर' दाखवतो, मूल घाबरतं आणि सायबर कॅफेत पैसे देऊन येतं. पेंट उघडा, रीसाइझ दाबा, लांबी-रुंदी कमी करा, वेगळ्या नावाने जेपीजीमध्ये सेव्ह करा आणि प्रॉपर्टीजमध्ये आकार वाचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण आकार, जात आणि जागा या तिन्ही गोष्टी त्यात एकदम येतात, म्हणून सरावाला याच्यापेक्षा चांगला धडा मला सापडलेला नाही.

आता आई. 'मला कॉम्प्युटर येत नाही' हे त्यांचं वाक्य मला पटत नाही. अंगणवाडी सेविका म्हणजे २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप वापरणाऱ्या बाई. रोजची हजेरी, मुलांचं वजन, उंची, गरोदर मातांची नोंद, नेट गेलं तर पुन्हा चढवणं, हे सगळं त्या रोज करतात. माहिती भरणं, चुकलं तर दुरुस्त करणं, ती पोचली की नाही हे बघणं, ऑफिसातला कारकून लॅपटॉपवर याहून वेगळं काय करतो? तर पहिल्या दिवशी त्यांना लॅपटॉपवर काही शिकवू नका. त्यांनाच त्यांचं ॲप तुम्हाला समजावून सांगायला लावा. मी सेविकांच्या बॅचला हेच करते, आणि शिकवणाऱ्याच्या खुर्चीत दहा मिनिटं बसलेली बाई नंतर माऊसला घाबरत नाही.

त्यांची अडचण वेगळी असेल. या वयाच्या बहुतेकांकडे एक वही असते. 'हिरवं चित्र दाबणे, मग वरचे तीन ठिपके, मग तिसरी ओळ.' एमएस-सीआयटीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्हीही पुष्कळांना असंच शिकवलं, हे मला मान्य करायला हवं. परीक्षा डोळ्यापुढे होती, नोकरीतल्या माणसाला प्रमाणपत्र वेळेत हवं होतं, आणि आम्ही पायऱ्या पाठ करून घेतल्या. पास झाले सगळे. पुढे वर्डची नवी आवृत्ती आली, मेनूच्या जागी पट्टी आली, आणि पायऱ्या पाठ केलेली माणसं परत शून्यावर आली. म्हणून आईंची वही फेकू नका, वहीत लिहायचं काय ते बदला. प्रत्येक पायरीपुढे 'हे कशासाठी' एवढं एक वाक्य त्यांच्या शब्दांत लिहू द्या. 'तीन ठिपके : इथे जास्तीची कामं लपवलेली असतात.' ठिपके उद्या दुसऱ्या कोपऱ्यात गेले तरी त्या शोधतील.

आणि पासवर्ड. यावर माझा जीव तुटतो म्हणून सांगते. आपल्याकडे घरटी एक जण संगणकाचा माणूस असतो आणि बाकीचे आपलं सगळं त्याच्या हवाली करतात. सरकारी योजनांनीही हेच धरलं. २०१७ साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात एका घरातला एकच जण, वय १४ ते ६०, आणि अभ्यासक्रम २० तासांचा होता. तुमच्या घरातून तुम्ही किंवा बहीण शिकली असती आणि घर साक्षर म्हणून मोजलं गेलं असतं. आजोबा वयातच बसले नसते. घरात असा माणूस नसला तर अर्ज भरून देणारा तो माणूस होतो. माझ्याकडे दरवर्षी अशा मुली येतात ज्यांचा ई-मेल कुणीतरी केंद्रात काढून दिला, नंबर त्याने स्वतःचा टाकला आणि पासवर्ड सांगितलाच नाही. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज नव्याने भरायचा तर ओटीपी त्या माणसाच्या फोनवर. तो गाव सोडून गेलेला असला तर वर्ष हातचं जातं. आईंचा ई-मेल, आधारला जोडलेला नंबर, बँकेला जोडलेला नंबर, हे सगळं त्यांच्याच नावे आणि त्यांच्याच हातातल्या फोनवर आहे का, हे या भेटीत तपासा. ई-मेलचे पासवर्ड घरातल्या वहीत लिहून कपाटात ठेवले तर माझी हरकत नाही, वही कुणी लांबून चोरू शकत नाही. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन मात्र कुठेच लिहायचा नाही, मोबाइलच्या कव्हरमध्ये तर मुळीच नाही.

आजोबांसाठी आधी तीनशे-चारशे रुपयांचा वायरचा माऊस आणा. लॅपटॉपच्या टचपॅडवर या वयाचं बोट टिकत नाही. मग डबल क्लिक शिकवायच्या फंदात पडू नका. दोन क्लिकांच्या मधे हात किंचित हलतो, संगणकाला वाटतं फाइल ओढली, आणि ती भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडते. एकदा क्लिक करायचं आणि एंटर दाबायचं, काम तेच होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करता येतो, सेटिंग्जमध्ये बाण मोठा करता येतो, अक्षरं मोठी करता येतात. हे सगळं ते बसायच्या आधी करून ठेवा.

ते हात का लावत नाहीत? आमच्या सुरुवातीच्या दिवसांत संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं. यंत्रावर कापडाचं आवरण, खोलीला गारवा, दारावर पाटी. एक बटण चुकलं तर लाखाचं नुकसान, असं त्या पिढीने नोकरीत ऐकलेलं असतं. तेव्हा पहिला धडा चूक करण्याचा घ्या. चार ओळी टाइप करून सगळ्या पुसायला लावा, मग कंट्रोल झेड दाबायला लावा, ओळी परत. एक फाइल डिलीट करायला लावा आणि रिसायकल बिनमधून परत आणायला लावा. पेनड्राइव्हवरची पुसलेली फाइल मात्र रिसायकल बिनमध्ये जात नाही, हेही त्याच दिवशी सांगा, नाहीतर नको तिथे भरवसा बसतो. आमच्याकडे कोर्टातले एक निवृत्त टंकलेखक यायचे. मराठी टंकलेखनात त्यांचा वेग वर्गात कुणाला गाठता यायचा नाही, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबायचे, टाइपरायटरचा गाडा ढकलल्यासारखा. मधला एक शब्द बदलला की पान विस्कटायचं आणि ते हात मांडीवर घेऊन बसायचे. कंट्रोल झेड कळल्यानंतर पुढच्या आठवड्यात ते स्वतःहून फॉन्ट बदलून बघत होते.

मराठी टायपिंग आजोबांना जरूर दाखवा. संगणक इंग्रजीवाल्यांचा, या समजुतीने आपले कितीतरी सुशिक्षित वडीलधारे लांब राहिले. जुन्या श्रीलिपी, कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकावर मराठीचे आकार बसवलेले असायचे, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर पत्र उघडलं की अगम्य खुणा दिसायच्या. युनिकोडमध्ये आपल्या 'क'ला स्वतःचा ०९१५ हा क्रमांक आहे. एकदा लिहिलेलं सातासमुद्रापार 'क'च दिसतं. मोबाइलवर बोलून टाइप करण्यापासून सुरुवात करा, ते पटकन जमतं. पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तोही आता चेहरा दाखवून मोबाइलवरून देता येतो. यंदा तो तुम्ही करून देऊ नका. फोन त्यांच्या हातात राहू दे, तुम्ही नुसते शेजारी बसा. दोन वेळा चुकेल, तिसऱ्या वेळी होईल.

हाच नियम तिघांनाही लावा: शिकवताना माऊस आपल्या हातात घ्यायचा नाही. मी हात मागे बांधून उभी राहते. 'थांब, मी करून देतो' या चार शब्दांनी जितकी माणसं शिकायची थांबली तितकी दुसऱ्या कशाने थांबली नसतील.

पैशांबाबत तिघांना एकत्र बसवून दोन वाक्यं सांगा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो लागतो पैसे देताना नाहीतर शिल्लक बघताना. आणि काही चुकलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, मग घरी सांगायचं. तिसरं वाक्य तुमच्यासाठी: कुणालाही रागावायचं नाही. वर सांगितलेल्या गृहस्थांनी मुलगा ओरडेल म्हणून दोन दिवस तोंड उघडलं नाही. तेवढ्यात पैसे चार खाती फिरून गेले. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता असते, त्यांनी भीतीपोटी तेच तास घालवले.

आता एक सुचवते, कारण तुमच्या घरात ते जमण्यासारखं आहे. पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. आजोबा पोस्टात त्या सुमारास लागले असतील, तर त्यांनी पत्रांचं सॉर्टिंग त्याच्या आधीचंही पाहिलं असेल आणि नंतरचंही. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा. ४१५ वाचलं की सातारा आणि आसपासचा भाग, पुढचे तीन आकडे म्हणजे नेमकं पोस्ट ऑफिस. लॅपटॉपवर फोल्डर उघडला की वरच्या पट्टीत जी लांब ओळ दिसते, ड्राइव्ह, मग फोल्डर, मग आतला फोल्डर, ती पिन कोडसारखीच मोठ्याकडून लहानाकडे येते. रविवारी बहिणीला आणि आजोबांना लॅपटॉपसमोर एकत्र बसवा. डाउनलोड्समध्ये पडलेल्या शे-दोनशे फाइली उघडा आणि कुठली कुठल्या खणात जाईल हे आजोबांना ठरवू द्या. माऊस आधी बहिणीच्या हातात, अर्ध्या तासाने आजोबांच्या. तुम्ही त्या वेळी आईंबरोबर दुसऱ्या खोलीत पोषण ट्रॅकर शिकत बसा.